पत्र्याची धार आणि सतारीचे बोट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दमट हवेने तारा गंजू लागल्या, म्हणून तेलाचा रिकामा डबा कापून मी त्यांच्यासाठी एक लहानशी पेटी केली. वर रंगही दिला. स्वतःच्या हातच्या वस्तूचे कौतुक कोणाला नसते! तिसऱ्याच दिवशी एका विद्यार्थिनीने बाजाची तार काढायला घाईने आत हात घातला आणि डाव्या हाताची तर्जनी चिरली. सतारीच्या पडद्यांवर फिरते ते हेच बोट. टाके पडले, धनुर्वाताची सुई घ्यावी लागली, आणि पंधरा दिवसांवर आलेली परीक्षा हुकली. तिच्या आईने एका शब्दाने दोष दिला नाही. तेच मला अधिक लागले.

लाजेचे कारण आणखी होते. माझे वडील, अण्णा, १९४९ साली बडोदे संस्थान विलीन होईपर्यंत ऐन तरुणपणात दरबारात वाजवीत. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. तंबोऱ्याची जवारी काढताना ते मला सांगत, "कानस पुढे जाताना कापते. मागे आणताना ती उचलावी, घासू नये." त्यांची कानस अजून घरात आहे. पत्र्याला मात्र मी ती लावलीच नव्हती.

पेटी घेऊन गल्लीच्या टोकाला पत्र्याचे काम करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी काठावरून बोट नव्हे, कापसाचा बोळा फिरवला. जागोजागी तंतू अडकले. कात्रीने पत्रा कापला की काठावर बारीक कुसे उरतात. रंगाने ती झाकतात, जात नाहीत.

त्यांनी दाखविलेली रीत अशी. हातात चामडी मोजे घालून पत्रा पक्का आवळावा. आधी काठ सपाट कानसावा, मग दोन्ही अंगांनी तिरपी कानस फिरवून धार मोडावी. उघडे कोपरे गोल करावेत. हाताळायच्या वस्तूला एवढे पुरत नाही, काठ दुमडावा. कडेपासून सहा मिलिमीटरवर रेघ मारावी, दुमडी एकमेकींवर चढू नयेत म्हणून कोपरे तिरपे छाटावेत, आणि लाकडी मोगरीने थोडे थोडे वळवीत काठ पुरता चेपावा. एकाच जागी ठोकले तर पत्रा लहरतो. मजबुती हवी असेल तर दुमडीत तार घालावी. त्यासाठी तारेच्या जाडीच्या अडीचपट पत्रा सोडावा, म्हणजे तीन मिलिमीटरच्या तारेला साडेसात. जिथे दुमडता येत नाही तिथे खाचेची रबरी पट्टी बसवावी. नुसती चिकटपट्टी सुटते. कानशीने वरचा मुलामा जातो, म्हणून तेवढ्या जागी शेवटी रंग द्यावा, नाहीतर गंज धरतो.

आपल्या शहरात १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली आणि १८९० साली हातांना हुन्नर शिकविणारे कलाभवन. सयाजीरावांच्या या नगरीत वाढून मी एकाच शाळेचा विद्यार्थी राहिलो, असे चाचांच्या दुकानात बसून मनात आले.

पेटी पुन्हा केली. दुमडीला दोन संध्याकाळी गेल्या. बोट बरे झाल्यावर ती मुलगी आली, पेटीपाशी क्षणभर थबकली. मी आधी माझा हात काठावरून फिरवून दाखविला. मग तिने तार काढली, आणि आम्ही सतार लावायला बसलो.