पाळी कोणाची?

मॉनिटर निवडताना आमच्या वर्गात हमखास भांडण होते: "सर, यंदा आमच्या रांगेची पाळी!" तेव्हा आम्हाला नायजेरिया आठवतो. उत्तरेत मुसलमान जास्त, दक्षिणेत ख्रिस्ती. होसा, योरुबा, इग्बो असे अनेक समाज. तिथे राष्ट्राध्यक्ष व्हायला सर्वाधिक मते पुरत नाहीत. 36 पैकी दोन तृतीयांश राज्यांत किमान चौथा हिस्सा मते लागतात. प्रत्येक राज्यातून एक मंत्री घ्यावाच लागतो. हे संविधानात आहे.

उत्तर-दक्षिण पाळी मात्र पक्षांमधली समजूत. 2010 मध्ये उत्तरेचे अध्यक्ष यारअदुआ पदावर असताना वारले. दक्षिणेचे गुडलक जोनाथन त्या जागी आले, 2011 ची निवडणूकही जिंकले. उत्तर नाराज झाली. 2023 मध्ये अध्यक्ष टिनुबू आणि उपाध्यक्ष शेट्टिमा दोघेही मुसलमान, म्हणून ख्रिस्ती समाज अस्वस्थ झाला. इग्बोंना तर 1999 पासून हे पद मिळालेलेच नाही.

यादीत आपले नाव नसणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना समजावून सांगावे लागत नाही. मग तिथल्या ख्रिस्ती आणि इग्बो बांधवांची तक्रारही आपण इन्साफनेच ऐकावी. पाळीने खुर्ची मिळते, गावाला शाळा आणि पाणी मिळेलच असे नाही. म्हणून आम्ही मुलांना सांगतो: वाटा जरूर मागा, पण आपला माणूस निवडून आला तरी त्याच्याकडे हिशेब मागा.