दक्षिण गंगोत्री ते भारती : हिमप्रदेशाने दिलेला धडा

पृथ्वीच्या दक्षिण टोकाशी असलेल्या अंटार्क्टिका खंडाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक आहे. त्यावरील बर्फाची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर भरते. २१ जुलै १९८३ रोजी तेथील व्होस्तोक केंद्रावर उणे ८९.२ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. खंडाच्या अंतर्भागात हिमवृष्टी इतकी अल्प असते की, त्यास शीत वाळवंटच म्हटले जाते. परंतु पडलेले हिम वितळत नाही. ते वर्षानुवर्षे साचत राहते. किनाऱ्याकडे हिमवृष्टी अधिक होते आणि वादळी वारेही हिमाचे ढीग आणून टाकतात.

या वस्तुस्थितीचा प्रत्यय भारतासही आला. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. पुढे १९८३-८४ मध्ये 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले केंद्र उभारण्यात आले. समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर असलेले हे केंद्र हळूहळू हिमाखाली गाडले गेले व १९९० मध्ये ते बंद करावे लागले.

त्यानंतरच्या केंद्रांसाठी बर्फमुक्त खडकाळ भूमी निवडण्यात आली. १९८९ मध्ये शिर्माकर टेकड्यांच्या परिसरात 'मैत्री' उभे राहिले; तेथील गोड्या पाण्याच्या सरोवरास 'प्रियदर्शिनी' असे नाव आहे. २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर 'भारती' कार्यान्वित झाले. त्याची इमारत खांबांवर उचललेली असल्याने वाऱ्यासोबत येणारे हिम खालून वाहून जाते. या मोहिमांची व्यवस्था वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते.

या संशोधनाचा किनारपट्टीशी निकटचा संबंध आहे. तरंगणारा हिमस्तर वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. तथापि तो जमिनीवरील बर्फास बांधाप्रमाणे थोपवून धरतो. हा बांध दुबळा झाल्यास मागील बर्फ वेगाने समुद्रात उतरतो आणि पातळी वाढते. अंटार्क्टिकावरील सर्व बर्फ वितळण्यास अनेक शतके लागतील. परंतु पातळीतील अल्पशी वाढही कोकणातील खारजमिनी, खाड्यांकाठची गावे व विहिरींचे गोडे पाणी यांना बाधक ठरू शकते. खारबंदिस्तीचा विचार करणाऱ्या ग्रामपंचायतींनी म्हणूनच या दूरच्या बर्फाची दखल घेणे अगत्याचे आहे.