दोन पावलांमधले विभवांतर



मृगाच्या आसपास वाशीम, रिसोड, मालेगावच्या शिवारात पेरणीची घाई सुरू झाली की एक बातमी हमखास कानावर येते. झाडाखाली बांधलेली जनावरे वीज पडून दगावली. पुष्कळदा वीज जनावरांच्या अंगावर पडलेलीच नसते, झाडावर पडलेली असते. मग काही हात दूर उभी असलेली बैलजोडी का मरते? याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील ‘विद्युत विभव’ या प्रकरणात आहे. हे प्रकरण मुले बहुधा पाठ करतात, समजून घेत नाहीत.

प्रथम विहिरीकडे चला. विहिरीतले पाणी १० मीटर खोल आहे आणि बादलीत १० किलोग्रॅम पाणी मावते असे समजा. बादली वर ओढताना गुरुत्वाविरुद्ध १० × ९.८ × १०, म्हणजे ९८० ज्यूल कार्य करावे लागेल. घागर भरली तर हा आकडा बदलेल. पण दर किलोग्रॅममागे ९८ ज्यूल हा आकडा बदलणार नाही. तो बादलीचा गुण नसून विहिरीचा आहे. रहाटाने पाणी काढा की पायऱ्यांनी डोक्यावरून आणा, गुरुत्वाविरुद्धचे कार्य तेवढेच.

विजेच्या बाबतीत किलोग्रॅमच्या जागी कूलोम घाला. एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत एक कूलोम धन प्रभार सावकाश नेण्यासाठी विद्युत बलाविरुद्ध जितके ज्यूल कार्य करावे लागते, तितके व्होल्ट त्या दोन बिंदूंमधील विभवांतर. एका बिंदूचे ‘विभव’ म्हणतो तेव्हा दुसरा बिंदू अनंत अंतरावर धरलेला असतो. व्यवहारात दूरच्या जमिनीचे विभव शून्य मानतात. (१८२८ साली ‘पोटेन्शिअल’ हा शब्द या विषयाच्या गणितात आणणारे जॉर्ज ग्रीन हे इंग्लंडातील नॉटिंगहॅमचे पवनचक्कीवाले होते!) विहिरीची उपमा मात्र एका ठिकाणी लंगडी पडते. वस्तुमान एकाच प्रकारचे असते, प्रभार दोन प्रकारचे. ऋण प्रभाराचा ‘उतार’ उलट दिशेला असतो.

म्हणून ‘११ हजार व्होल्टचा प्रवाह अंगातून गेला’ हे वाक्य मला खटकते. व्होल्ट वाहत नाहीत, प्रभार वाहतो. आणि तो वाहायला दोन बिंदूंच्या विभवांत फरक हवा. शेतावरून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या तारेवर साळुंकी खुशाल बसते, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. पायांमधल्या पाच सेंटिमीटर तारेतील विभवांतर व्होल्टच्या हजारांश भागाएवढे असेल.

आता झाडावर वीज पडली. धारा ३०,००० अँपिअर धरू. ती जमिनीत शिरून सर्व बाजूंना सारखी पसरते असे मानले, तर झाडापासून काही अंतरावर

विभव = (जमिनीची रोधकता × धारा) ÷ (२ × ३.१४ × अंतर)

रोधकता १०० ओहम-मीटर घेऊ. २० मीटरवर विभव सुमारे २३,९०० व्होल्ट येते. आकडा भयंकर आहे; पण साळुंकीला विसरू नका, महत्त्व फरकाला आहे. झाडाकडे तोंड करून उभ्या माणसाच्या दोन पावलांत अर्धा मीटर अंतर असेल, तर फरक सुमारे ५८० व्होल्ट. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत दीड मीटर अंतर असते. त्याच्या वाट्याला सुमारे १,६७० व्होल्ट येतात. म्हणजे त्याच्या शरीरातून जाणाऱ्या प्रत्येक कूलोमवर १,६७० ज्यूल कार्य होते. शिवाय पुढच्या पायांतून मागच्या पायांकडे जाणाऱ्या वाटेत त्याचे हृदय असते. माणसात धारा एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरते, हृदय बरेचसे बाजूला राहते.

तोच बैल झाडाकडे कूस करून उभा असता तर? झाडाभोवती काढलेल्या वर्तुळावर सर्वत्र विभव सारखे असते, त्या वर्तुळावरून प्रभार सरकवायला कार्य शून्य. बैलाचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ समविभव असते. पण जनावराला हे कोण सांगणार, आणि वीज कोठे पडेल हे आपल्यालाही कोठे ठाऊक असते!

मेघगर्जना सुरू होताच पक्क्या घरात जाणे, हाच खरा उपाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. उघड्यावर सापडलातच तर झाडापासून दूर, दोन्ही पावले जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. डोके व पाय यांत बैलाएवढेच अंतर पडते. तुटून पडलेल्या जिवंत तारेजवळूनही लांब ढांगा टाकत पळू नये. पावले जुळवून, न उचलता, थोडी थोडी सरकवत दूर व्हावे.

झाडापासून २० ऐवजी ४० मीटर अंतर घेऊन वरचा हिशेब स्वतः करा. माणसाच्या पावलांमध्ये सुमारे १४७ व्होल्ट येतील. अंतर दुप्पट झाले, विभवही निम्मे झाले, पण पावलांमधला फरक मात्र जवळजवळ चौथाईवर आला. असे का, ते वरच्या सूत्रावरून शोधा.