टिपूचे बाण, काँग्रीव्हचं रॉकेट आणि आपला पिनाक

म्हैसूरजवळच श्रीरंगपट्टण. रॉकेटवेड्यांची खरी पंढरी! टिपू सुलतानाच्या काळी युरोपातल्या रॉकेटची नळी पुठ्ठ्याची असे. म्हैसूरकरांनी ती लोखंडी केली. दारूचा जास्त दाब पेलला, पल्ला दोनेक किलोमीटरवर गेला. नेम मात्र यथातथाच, कारण तोल सांभाळायला फक्त लांब बांबू. तरी १७८० ला पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांची दाणादाण उडाली, त्यात या बाणांचाही वाटा होता. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर या बाणांचे नमुने इंग्लंडला गेले. त्यांवरून शिकून विल्यम काँग्रीव्हने बनवलेली रॉकेटं १८०७ मध्ये कोपनहेगनवर बरसली.

आज पुण्यात विकसित झालेला पिनाक रॉकेट-प्रक्षेपक ४४ सेकंदांत १२ रॉकेटं सोडतो, मूळ पल्ला सुमारे ३८ किलोमीटर. रशियन ग्रॅडच्या एका गाडीवर ४० असतात, पण मूळ पल्ला साधारण वीसच. माझं मत पिनाकला!