यंत्रमागाच्या मोटरीवरील फ्यूज : परीक्षा आणि बदल

सोलापुरात १८७७ साली ‘जुनी गिरणी’ सुरू झाली, तेव्हा गिरण्यांतील माग वाफेच्या इंजिनावर, दांडे आणि पट्टे यांच्या द्वारे चालत. माग अडकला की पट्टा घसरे, आणि हे घसरणे हेच एक प्रकारचे संरक्षण होते. आज टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या यंत्रमागाला स्वतंत्र मोटर असते. ती घसरत नाही. अडकली असता नेहमीच्या पाचसहा पट प्रवाह ओढू लागते. अशा वेळी मंडल तोडण्याचे काम वितळतारेचे, म्हणजे फ्यूजचे, होय.

तार किती प्रवाहाला वितळेल याचा स्थूल नियम प्रीस याने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मांडला. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या सम व व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. बाहेर जाणारी उष्णता पृष्ठभागावर, अर्थात व्यासावर, अवलंबून असते. म्हणून वितळविणारा प्रवाह व्यासाच्या दीडाव्या घाताप्रमाणे वाढतो. तांब्याची अर्धा मिलिमीटर जाडीची तार सुमारे २८ अँपिअरला वितळते, तर एक मिलिमीटरची ८० अँपिअरला. ‘जरा जाड’ तार बसविणाऱ्याला हा फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि सारा अनर्थ तेथेच होतो.

तीन फेजांपैकी एकच फ्यूज उडाला तर चालती मोटर थांबत नाही. तेवढाच भार ओढताना उरलेल्या दोन फेजांतील प्रवाह किमान १.७३ पट होतो, आणि तारकाजोडणीच्या मोटरीत त्या दोन वेटोळ्यांतील उष्णता तिप्पट होते. मोटर घुमू लागते खरी, परंतु मागांच्या खडखडाटात ते ऐकू येणे कठीण. उरलेले फ्यूजही उडत नाहीत. कारण आरंभीचा मोठा प्रवाह सोसतील अशाच बेताने ते निवडलेले असतात. अतिभार रिले नसेल तर वेटोळे जळूनच मोटर थांबते.

परीक्षेतही एक फसगत संभवते. उडालेल्या फ्यूजच्या मोटरीकडील टोकाला दिवा लावला तर तो पेटू शकतो, कारण इतर फेजांचा दाब वेटोळ्यांतून मागे येतो. तेव्हा मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे. परीक्षक प्रथम चालू पुरवठ्यावर, मग तिन्ही फेजांवर, आणि पुन्हा चालू पुरवठ्यावर लावून पाहावा. बिघडलेला परीक्षकही ‘दाब नाही’ असेच सांगतो. त्यानंतर फ्यूज बाहेर काढूनच त्याचा रोध मोजावा. धारकाचे स्पर्शभाग काळवंडलेले असतील तर दोष मोटरीत नसून सैल जोडणीत असण्याचा संभव अधिक.

नवा फ्यूज बसविण्यापूर्वी वेटोळे आणि मोटरीचा सांगाडा यांमधील निरोधन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासावे; ते एक मेगओहमहून कमी असल्यास फ्यूज बदलणे व्यर्थ आहे. बदलताना तिन्ही एकदम, त्याच अंकनाचे घ्यावेत. न उडालेल्या दोहोंनीही तोच धक्का सोसलेला असतो, व त्यांतील पट्टी अर्धवट वितळलेली असू शकते.

उघड्या तारेचा फ्यूज मोठ्या लघुमंडलात तप्त धातूचे थेंब उडवितो. मागखात्यात सर्वत्र कापसाचे तंतू साचलेले असतात, म्हणून तेथे चिनीमातीच्या बंद नळीचा, क्वार्ट्झच्या वाळूने भरलेला फ्यूजच योग्य. ठिणगीची उष्णता वाळू शोषून घेते व स्वतः वितळून काचेसारखी घट्ट होते. असा फ्यूज पुन्हा तार ओवून वापरता येत नाही.