लासूर स्टेशनला मानसोपचार कोण देणार?

७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी अतिवृष्टीसाठी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि तीनच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिन होऊन गेला. त्या वर्षीचा विषय होता आपत्तीच्या काळातल्या मानसिक आरोग्य सेवा. मराठवाड्याचा सप्टेंबर बघून कुणी तो ठरवला असावा, इतका चपखल. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी किती, हे तेव्हा गावोगाव तोंडपाठ झालं. पण त्या जमिनीच्या मालकाला झोप येत नाही, यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो.

गंगापूर तालुक्यातल्या लासूर स्टेशनच्या कांदा मार्केटात कुणी ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत नाही. ‘डोकं जड पडलंय’, ‘जेवण जाईना’, ‘कशातच मन लागंना’ एवढंच म्हणतात. मग मेडिकलमधून ताकदीच्या गोळ्या आणल्या जातात, फारच झालं तर दवाखान्यात सलाईन. मनाच्या डॉक्टरसाठी गाडीत बसून संभाजीनगर गाठायचं, घाटी रुग्णालयाच्या ओपीडीत नंबर लावायचा, म्हणजे कामाचा एक दिवस मोडला. शिवाय कुणी पाहिलं तर? राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नसल्याचं आढळलं होतं.

मराठी वाचकाला मानसोपचार नवा नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडक्यांनी मुंबईत रुजवली, १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था उभी केली आणि ‘भावनेच्या मुळाशी विचार असतो’ हे आपल्या मध्यमवर्गाने चांगलंच पचवलं. पद्धत भक्कम आहे. तिचा पातळ काढा करून व्हॉट्सअॅपवर ‘सकारात्मक राहा’ वाटणाऱ्यांचा मात्र मला मनापासून कंटाळा आहे. ज्याची कपाशी दहा दिवस पाण्यात उभी होती, त्याचा ‘यंदा हाती काही लागणार नाही’ हा विचार अविवेकी म्हणायचा कसा? तो बरोबरच आहे.

म्हणून मला गोव्यातल्या कामाचं अप्रूप वाटतं. डॉ. विक्रम पटेल मूळ मुंबईचे, मनोविकारतज्ज्ञ. नव्वदच्या दशकात झिम्बाब्वेत काम करताना त्यांनी पाहिलं, की अख्ख्या देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. तज्ज्ञांची वाट बघत बसलं तर पिढ्या जातील. १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. पुढे तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी झाली. मानसशास्त्राशी संबंध नसलेली स्थानिक माणसं निवडली, त्यांना तीन आठवडे शिकवलं, काही महिने देखरेखीखाली काम दिलं. मग तीव्र नैराश्याच्या रुग्णांच्या त्यांनी सहा ते आठ भेटी घेतल्या, प्रत्येकी अर्धा-पाऊण तासाच्या. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ केंद्रातली डॉक्टरी सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

या भेटींत होतं काय? बालपण उकरत नाहीत. कालचा दिवस कसा गेला, ते विचारतात. आपल्याकडचा माणूस घेऊन पाहू. समजा, पन्नाशीचा शेतकरी आहे. पीक गेल्यापासून तो पारावर बसत नाही, डेअरीवर दूध पोरगा घालतो, हा दिवसभर पडवीत आडवा. बाहेर न पडल्याने माणसं तुटली, माणसं तुटल्याने मन आणखी खचलं, खचलेल्या मनाने उठवेना. समुपदेशक हे चक्र कृतीपाशी तोडतो. उद्या सकाळी दूध तुम्ही घालायचं. बाकी काही नाही, फक्त दूध. परवा बैलांना पाणी दाखवायचं, गुरुवारी मेहुण्याला फोन. पुढच्या भेटीत हिशेब: काय जमलं, काय नाही, कशामुळे? डेअरीवर घेणेकरी गाठतो म्हणून पाय निघत नसेल, तर आधी वेळ बदलायची आणि मग त्याच्याशी काय बोलायचं, ते इथेच बोलून बघायचं. मन लागलं की काम करीन, असं रुग्ण म्हणतो. इथे काम आधी, मन मागून.

हे भाबडं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण १९९६ मध्येच अमेरिकेत नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी विचार बदलणाऱ्या उपचारपद्धतीचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसता कृतीचा भाग मिळालेले रुग्ण संपूर्ण उपचार घेतलेल्यांइतकेच सुधारले होते.

गोवा वेगळा, मराठवाडा वेगळा, हा आक्षेप येणारच. मग अमरावतीकडे बघा. ‘विश्राम’ या प्रकल्पात तिथल्या ३० गावांत दीड वर्ष काम झालं. गावातले कार्यकर्ते घरोघरी बोलले, छोट्या बैठका घेतल्या, समुपदेशक जोडीला, गंभीर रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञ. नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. तुलनेसाठी दुसरी गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. पण कपाशीच्या पट्ट्यातला माणूस मनाबद्दल बोलतच नाही, हा समज तिथे मोडीत निघाला.

आपल्या सरकारलाही हे सुचलं नव्हतं असं नाही. २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. आशाताईंनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन लक्षणं विचारायची आणि गरजूला पुढे पाठवायचं. गोम त्या ‘पुढे’मध्ये आहे. गावात शोध घेतला, पण उपचार तालुक्याला आणि जिल्ह्याला ठेवला. गोव्याने उपचारच माणसाच्या ओट्यावर नेला. त्यात लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग आणि दर महिन्याला एक नवा सर्व्हे सांभाळणाऱ्या, मानधनासाठी संप करावा लागलेल्या आशाताईच्या गळ्यात आणखी एक वही अडकवणं मला पटत नाही. आरोग्य केंद्रागणिक एक पगारी, स्थानिक समुपदेशक नेमा. गावातली बारावी झालेली सूनही चालेल, चांगलं ऐकून घेणारी हवी.

‘कांद्याला भाव द्या, समुपदेशन कसलं देता?’ हा सवाल मार्केटात हमखास येईल, आणि तो चुकीचा नाही. सहा भेटींनी कर्ज फिटत नाही. पण पंचनाम्याच्या वेळी बांधावर हजर राहायला, बँकेत जाऊन साहेबांशी भांडायला, रब्बीची पेरणी करायची की नाही हे ठरवायला माणूस उठून बसलेला लागतो. भाव मिळेपर्यंत त्याने आजारी राहावं, हा कुठला न्याय?

खरी अडचण पैशाची नाही, देखरेखीची आहे. गोव्यात समुपदेशकांची बोलणी रुग्णाच्या परवानगीने रेकॉर्ड होत. ती सगळे मिळून ऐकत, एकमेकांना गुण देत, चुका दाखवत. तज्ज्ञ सोबतीला असे. हे वगळलं की समुपदेशनाचं प्रवचन व्हायला वेळ लागत नाही. गंगापूर तालुक्यात हे रेकॉर्डिंग दर आठवड्याला कोण ऐकणार, हे ज्या शासन निर्णयात लिहिलेलं असेल, त्याच्यावर मी विश्वास ठेवीन.

आणि कानात आवाज येणं, भ्रम होणं, दिवसेंदिवस अन्न सोडणं किंवा जीव देण्याची भाषा, यावर दुधाची बादली हा उपाय नव्हे. अशा माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. रात्री-बेरात्री सरकारच्या ‘टेलिमानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावता येतो. कॉल फुकट आहे, सेवा चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.