झेडचा शून्य चुकतो तेव्हा

हौशी सीएनसी राउटरला आपण २ मिमी खोल खाच पाडायला सांगितली आणि मोजल्यावर ती दीडच भरली, की अर्धा मिलिमीटर वाढवून देण्याचा मोह होतो. तो आवरा. फरक कोणत्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय एकही आकडा बदलू नका.

एमडीएफच्या टाकाऊ तुकड्यावर ४, २ आणि १ मिमी खोलीचे तीन चौकोन शेजारीशेजारी कोरा. खोल चौकोन आधी घ्या, कारण बिट हळूहळू सरकत असेल तर उलट क्रमात तो दोष खोलीचा वाटतो. व्हर्निअरच्या मागच्या टोकाने तिन्ही मोजा.

तिन्हींत फरक सारखाच असेल, तर झेडचा शून्य, म्हणजे यंत्राने धरलेला लाकडाचा पृष्ठभाग, चुकला आहे. बहुतेकदा दोष इथेच सापडतो.

शून्य घ्यायला प्रोब प्लेट वापरत असाल तर तिची जाडी स्वतः मोजा; सोबतच्या कागदावरची धरू नका. प्लेट १५ मिमी असून सॉफ्टवेअरमध्ये १५.५ भरले, तर शून्य पृष्ठभागाच्या अर्धा मिलिमीटर खाली जातो आणि प्रत्येक काप तेवढाच खोल होतो. कमी भरले तर काप उथळ. घाईत ही दिशा हमखास उलटी होते, म्हणून कागदावर एक रेघ मारून बघा.

प्रोब करताना स्पिंडल बंद हवा. बिट खाली आणण्यापूर्वी क्लिप लावून प्लेट हाताने बिटला टेकवा आणि पडद्यावर संपर्काची खूण येते का ते पाहा. तार तुटलेली असेल, तर बिट थांबत नाही, प्लेटवर आदळते.

कॅम सॉफ्टवेअरमध्ये शून्य लाकडाच्या वर धरला आहे की बेडवर, हेही तपासा. बेडवर धरला असेल, तर लाकडाची मोजलेली जाडीच भरा. ‘१२ मिमी’ म्हणून घेतलेली फळी नेमकी १२ भरेलच असे नाही.

बिट बदलली की शून्य पुन्हा घ्या. होमिंग स्विच नसलेले यंत्र बंद करून चालू केले तरीही घ्या: यंत्र चालवणारे जीआरबीएल जी५४ची, म्हणजे घेतलेल्या शून्याची, नोंद जपून ठेवते, पण आपण कुठे उभे आहोत हे यंत्र विसरलेले असते.

खोलीच्या प्रमाणात फरक वाढत असेल, तर जीआरबीएलमधली डॉलर १०२ ही सेटिंग बघा. झेड १ मिमी हलवायला मोटरची किती पावले लागतात ते तिथे असते. २०० पावलांची मोटर, १६ मायक्रोस्टेप आणि फेरीला ८ मिमी सरकणारा स्क्रू असेल, तर ३२०० भागिले ८, म्हणजे ४००.

काम पुढे जाईल तसे काप खोल होत गेले, तर कॉलेट आणि नट साफ करून घट्ट आवळा. वर भुसा फेकणारी स्पायरल बिट स्वतःला खाली ओढून घेते. एका कोपऱ्यात खोल, दुसऱ्यात उथळ असेल, तर बेडवरची फळी सपाट बिटने एकदा तासून घ्या आणि चाचणीचे चौकोन चारही कोपऱ्यांत पुन्हा कोरा.